खुब्याचा खटका आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस स्नेहसंमेलनांतील नृत्याची तालीम चालू असतां आमच्या नववीच्या वर्गांतील एक मुलगी मधूनच मंचावरून खालीं उतरली आणि भिंतीशीं जाऊन बसली. पाय उचलून बाजूस नेतांना तिच्या उजव्या खुब्यांत 'खट्' असा आवाज होई आणि तो शेजारच्या मुलींस ऐकूं जाई. त्या हंसत. त्यांच्या हंसण्यांत दुष्टावा नव्हता. परंतु चौदा वर्षांच्या मुलीस तेवढेंहि पुरे होतें. चार दिवसांनीं तिचे वडील शाळेंत आले. ते एस. टी.च्या आगारांत मेकॅनिक आहेत. खिशांतून फोन काढून त्यांनीं आम्हांस एक जाहिरात दाखविली व म्हणाले, "सर, हिला दोन आठवडे रजा हवी. दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं आहे. दोनच भोकं पाडतात आणि दुसऱ्या दिवशीं घरीं सोडतात." शहरांतील एका दवाखान्याची तारीखहि त्यांनीं घेऊन ठेविली होती, आणि मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बँकेंत ठेवलेली ठेव मोडण्याचें घरांत ठरलें होतें.

रजा देणें हें आमचें काम. दुखण्याची परीक्षा करणें हें आमचें काम नव्हे. तथापि आम्हीं सहज विचारलें, "बाळ, तुला दुखतं का?" मुलीनें वडिलांकडे पाहिलें आणि मग सांगितलें, "कधीं कधीं, जिना चढतांना. पण आवाज मात्र रोज येतो." हें उत्तर आमच्या मनांतून गेलें नाहीं. आम्ही गणिताचे शिक्षक आहों. वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले अहवाल वाचावयास अधिकार लागत नाहीं, चिकाटी लागते. ते आम्हीं वाचले. शाळेचे एक माजी विद्यार्थी आज अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. आमची समजूत कोठें चुकते तें त्यांनीं दाखवून दिलें. शेंकडों मुलांच्या शाळेंत असा खुबा एकच असण्याचा संभव नाहीं, यास्तव जें समजलें तें विद्यार्थी व पालक यांच्यासाठीं येथें मांडीत आहों.

खुबा म्हणजे धड व मांडी यांचा सांधा. मांडीच्या हाडाचें वरचें टोक चेंडूसारखें वाटोळें असून तें कटीच्या हाडांतील वाटीसारख्या खळग्यांत बसलेलें असतें. या चेंडूच्या थोडें खालीं, बाहेरच्या अंगास, हाडाचा एक मोठा उंचवटा आहे. आपण कुशीवर निजलों असतां जें हाड अंथरुणास टेंकतें तेंच हें. त्यावरून मांडीच्या बाहेरील बाजूनें गुडघ्यापर्यंत एक रुंद व चिवट पट्टा उतरतो. पाय पुढें-मागें होतांना हा पट्टा त्या उंचवट्यावरून सरकत असतो. एरव्हीं तो बिनबोभाट सरकतो. परंतु तो जाड झाला असला अथवा फार ताणलेला असला म्हणजे उंचवट्याच्या कडेशीं अडतो, आणि मग एकदम उडी मारून पलीकडे जातो. ती उडी म्हणजेच बाहेरचा खटका. ती वारंवार होऊं लागली म्हणजे पट्टा व हाड यांच्यामध्यें असलेली पाणथळ पिशवी सुजते, आणि दुखूं लागतें.

दुसरा प्रकार आंतला. पाठीच्या कण्यापासून एक व कटीच्या हाडाच्या आंतल्या अंगापासून एक, असे दोन स्नायु एकत्र होऊन जांघेंतून खालीं उतरतात आणि मांडीच्या हाडाच्या आंतील बाजूस असलेल्या लहान उंचवट्यास एका कंडरेनें चिकटतात. कंडरा म्हणजे स्नायूस हाडाशीं बांधून ठेवणारी दोरी. गुडघा पोटाकडे उचलणें हें या जोडीचें मुख्य काम. वांकवून बाहेर वळविलेला पाय सरळ करून खालीं आणतांना ही कंडरा सांध्यापुढील हाडाच्या कंगोऱ्यावरून, किंवा आपल्याच स्नायूच्या मांसल भागावरून, घसरते आणि जांघेंत खोल आवाज होतो. वैद्यमंडळींत असें बोललें जातें कीं, बाहेरचा खटका खोलीच्या पलीकडून दिसतो आणि आंतला खोलीच्या पलीकडून ऐकूं येतो. बाहेरचा खटका असणाऱ्या पुष्कळांस आपला खुबा निखळला असेंच वाटतें. निखळलेलें मात्र कांहींएक नसतें. तिसरा एक प्रकार पूर्वीं याच नांवाखालीं मोडत असे. त्यांत सांध्याच्या आंत वाटीच्या कडेची कूर्चा फाटलेली असते किंवा हाडाचा एखादा सुटा कपचा फिरत असतो. त्याचा विचार आतां बहुधा निराळा करतात, म्हणून आम्हीहि तो येथेंच सोडतों.

हा आवाज किती लोकांत आढळतो? सर्वसाधारण समाजांत शेंकडा ५ ते १० जणांस तो असावा असें मानतात, आणि त्यांतील बहुतेकांस दुखत नाहीं. नर्तकांची गोष्ट वेगळी. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पाश्चात्य बॅले नृत्य करणाऱ्या ८७ निष्णात नर्तकांस विचारण्यांत आलें, तेव्हां शेंकडा ९१ जणांनीं आपला खुबा वाजतो असें सांगितलें. त्याबरोबर दुखतेंहि असें शेंकडा ५८ जण म्हणाले. परंतु या कारणानें नृत्य थांबवावें लागलेले केवळ शेंकडा ७ होते, आणि शेंकडा ६० जणांस तर हा खटका वाटेल तेव्हां वाजवून दाखवितां येत होता! हे आंकडे आम्हीं त्या मुलीस वाचून दाखविले. त्या दिवशीं ती प्रथमच हंसली.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, आवाज म्हणजे रोग नव्हे. दुखणें असलें, चालण्या-बसण्यास अडचण असली, तरच उपायाचा प्रश्न येतो. उपायहि प्रथम साधा. ज्या हालचालीनें खटका होतो ती कांहीं काळ बंद ठेवणें, ताणलेला पट्टा किंवा स्नायु रोज हलकेंच ताणून लांबविणें, कुल्ल्याचे व पोटाचे स्नायु बळकट करणें, आणि डॉक्टर सांगतील तर सूज उतरविणारें औषध घेणें. एवढ्यानें भागलें नाहीं तर सोनोग्राफींत पाहून नेमक्या जागीं बधिर करणाऱ्या व सूज उतरविणाऱ्या औषधाची सुई देतात. या सुईचे काम दुहेरी आहे. तिनें आराम तर पडतोच. शिवाय ज्या जागीं ती दिल्यानें दुखणें थांबलें, तीच दुखण्याची जागा, हेंहि सिद्ध होतें. तीन ते सहा महिने मनःपूर्वक असे उपाय करूनहि दुखणें हटलें नाहीं, तरच शस्त्र हातीं घ्यावें, असा सामान्य प्रघात आहे. जाहिरातींत हे तीन ते सहा महिने कोठें दिसले नाहींत.

मुलीचे वडील पुन्हां भेटले तेव्हां आम्हीं फळ्यावर चित्र काढून पट्टा आणि उंचवटा त्यांस दाखविला. ते क्षणभर पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे फॅनबेल्ट वाजतो तसंच कीं हें. आवाज आला म्हणून आम्ही लगेच इंजिन खोलत नाहीं, सर. आधीं पट्टा बघतो." आमच्या तीन आठवड्यांच्या वाचनाचें सार त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें, आणि आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडें ओशाळल्यासारखें झालें.

परंतु पट्टा पाहून झाल्यावरहि कांहीं जणांचे दुखणें राहतेंच. त्यांच्यासाठीं शस्त्रक्रिया आहे. या खटक्याची नोंद जुनी आहे. पॅरिस येथील शल्यवैद्यांच्या मंडळापुढें १८५९ सालीं बाहेरच्या खटक्याची हकीकत आली होती. आंतल्या खटक्याचें कारण अर्जेंटिनांतील नुन्झिआटा व ब्लूमेनफेल्ड या दोघांनीं १९५१ सालीं मांडलें. पूर्वीं शस्त्रक्रिया करावयाची तर लांब छेद घेऊन, थरामागून थर उघडीत, पट्ट्यापर्यंत किंवा कंडरेपर्यंत जावें लागे. दुर्बिणीचा मार्ग हळूहळू उघडला. १९१८ सालीं तोकियो येथील केंजी ताकागी यांनीं मूत्राशय तपासण्याची नळी एका प्रेताच्या गुडघ्यांत घालून सांध्याचें आंतील रूप पाहिलें. १९३१ सालीं न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनीं प्रेतांच्या निरनिराळ्या सांध्यांत अशी नळी घालून पाहिली. खुब्यापाशीं मात्र ते अडले. चेंडू वाटींत इतका घट्ट बसलेला, कीं त्या दोहोंमध्यें सुई शिरणें शक्य नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. पुढें, १९८० नंतरच्या दशकांत, रोग्यास भूल देऊन विशिष्ट मेजावर त्याचा पाय ओढून धरण्याची पद्धति रूढ झाली. असा पाय ओढला म्हणजे चेंडू वाटींतून सुमारें एक सेंटिमीटर बाहेर येतो, आणि बर्मन यांस न सांपडलेली वाट मिळते.

आतां प्रत्यक्ष क्रिया. कातडीस सुमारें एक सेंटिमीटरचीं दोन-तीन छिद्रें पाडतात. एकांतून शिसपेन्सिलीहून बारीक दुर्बीण जाते व तिचें चित्र पडद्यावर उमटतें. दुसऱ्यांतून हत्यार जातें. आंत मिठाचें पाणी सोडून जागा फुगवितात, म्हणजे स्वच्छ दिसतें. बाहेरच्या खटक्यांत सांध्यांत शिरण्याचें कारणच नसतें. उंचवट्यावरील पट्ट्यांत शंकरपाळ्याच्या आकाराची एक खिडकी कापतात, मग उंचवटा त्या खिडकींत मोकळा हालतो व अडण्यास कड उरत नाहीं. सुजलेली पिशवीहि त्याच वेळीं काढून टाकतात. आंतल्या खटक्यांत कंडरा कापावी लागते. 'कापावी लागते' हे शब्द पालकांनीं नीट ध्यानीं घ्यावे. जाहिरातींत यास 'सैल करणें' म्हणतात. कापली तरी पाय लुळा कां पडत नाहीं? कारण त्या ठिकाणीं कंडरेबरोबर स्नायूचे तंतुहि हाडाकडे जात असतात, आणि ते तसेच ठेवतात. कापण्याच्या जागा तीन आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत असें दिसलें कीं, वाटीच्या कडेपाशीं त्या दोरखंडांत शेंकडा ४० भाग कंडरा व ६० भाग स्नायु असतो. सांध्याच्या वेष्टणापाशीं कंडरा शेंकडा ५३. आणि खालच्या लहान उंचवट्यापाशीं शेंकडा ६०. म्हणजे जितकें खालीं कापावें तितका शिल्लक राहणारा भाग कमी. तरी २००९ सालीं मेक्सिकोचे व्हिक्टर इलिझालितुरी व त्यांचे सहकारी यांनीं १९ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वांटणी करून दोन जागांची तुलना केली, तींत दोन्ही गट सारखेच सुधारले.

फळ काय मिळतें हा खरा प्रश्न. त्याच इलिझालितुरी यांचा २००६ सालचा एक अहवाल आमच्या मतें फार बोधक आहे. दहा रोग्यांच्या अकरा खुब्यांवर त्यांनीं बाहेरच्या खटक्यासाठीं दुर्बिणीनें क्रिया केली व सरासरी दोन वर्षें त्यांजवर लक्ष ठेविलें. दहा खुब्यांचा आवाज बंद झाला, एकाचा राहिला. परंतु दुखणें कोणासच राहिलें नाहीं आणि सर्वजण पूर्वींच्या कामास लागले. आतां विद्यार्थ्यांनीं सांगावें, या शस्त्रक्रियेस किती टक्के यश आलें? आवाज मोजला तर अकरांत दहा, म्हणजे शेंकडा ९१. दुखणें मोजलें तर अकरांत अकरा, म्हणजे शेंकडा १००. एकच शस्त्रक्रिया, तेच रोगी, आणि उत्तरें दोन. जो रोगी आवाज घालविण्यासाठीं गेला तो त्या अकराव्या खुब्याचा धनी असेल तर निराश होईल. जो दुखणें घालविण्यासाठीं गेला तो संतोषानें घरीं येईल. म्हणून आपण कशासाठीं जात आहों हें जाण्यापूर्वींच ठरलेलें असावें.

आंतल्या खटक्यासंबंधीं २००७ सालच्या एका अहवालांत सहा रोगी होते. सहांचाहि खटका व दुखणें गेलें. वर्षभरांत पुन्हां आलें नाहीं. मात्र सर्वांच्या खुब्यांतील उचलण्याची शक्ति प्रथम कमी झाली व सुमारें महिनाभर त्यांस कुबड्या वापराव्या लागल्या. खुब्याच्या गुणपत्रिकेंत त्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं सरासरी ५८ गुण होते, सहा आठवड्यांनीं ६२ झाले, आणि वर्षअखेर ९६. दुसऱ्या दिवशीं घरीं सोडतात हें खरें आहे. पण सहा आठवड्यांत वाढले ते चार गुण, हेंहि तितकेंच खरें. ज्या मुलीची दहावीची परीक्षा पुढें आहे तिच्या घरच्यांनीं दवाखान्यांतील दिवस मोजूं नयेत, महिने मोजावेत.

सहांपैकीं सहा म्हणजे शेंकडा शंभर, यांत गणिताची चूक नाहीं. पण सातवा रोगी आला व त्यास गुण आला नाहीं, तर शंभराचे एकदम ८६ होतात. सहाशेंपैकीं सहाशें असते तर एकानें कांहीं बिघडलें नसतें. लहान संख्येवरून काढलेली टक्केवारी ही भरतीच्या वेळीं वाळूंत काढलेल्या रेघेसारखी असते. यासाठींच निरनिराळ्या अहवालांची बेरीज करून पाहण्याची पद्धति निघाली. २०१३ सालीं अशी एक बेरीज प्रसिद्ध झाली. आंतल्या खटक्याच्या अकरा अहवालांत मिळून २४८ रोगी होते. लांब छेद घेऊन केलेल्या क्रियेनें शेंकडा ७७ जणांचा खटका गेला, दुर्बिणीनें केलेल्या क्रियेनें सर्वांचा. उपद्रव लांब छेदांत शेंकडा २१ जणांस झाले, दुर्बिणींत शेंकडा २.३ जणांस. यावरून, कंडरा कापावयाचीच असेल तर ती दुर्बिणीनें कापावी, असें म्हणण्यास चांगला आधार आहे. परंतु कापावी कीं नाहीं याचें उत्तर या बेरजेंत नाहीं. आम्हीं वाचलेल्या या अहवालांत शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना त्यांच्याच पूर्वस्थितीशीं, अथवा दुसऱ्या प्रकारें शस्त्रक्रिया झालेल्यांशीं केलेली आहे. शिवाय आंतल्या खटक्याच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांत वाटीची कडहि फाटलेली आढळते, आणि दुर्बीण आंत गेलीच आहे तर तीहि सांधतात. मग आराम पडला तो कशानें?

वर गुणपत्रिकेचा उल्लेख आला, तिजविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ती मूळ बोस्टनचे विल्यम हॅरिस यांनीं १९६९ सालीं तयार केली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठीं तिचें जें रूप वापरतात त्यांत दुखण्यास ४४ व हालचालीस ४७ असे ९१ गुण असतात, आणि त्यांस १.१ नें गुणून शंभर करतात. (असा गुणाकार आमच्या परीक्षांत चालत नाहीं, याची विद्यार्थ्यांनीं नोंद घ्यावी.) हालचालीच्या प्रश्नांत लंगडणें, काठी, किती अंतर चालतां येतें, जिना, पायमोजे-बूट घालणें, खुर्चीवर बसणें आणि सार्वजनिक वाहनांत चढणें हें सर्व आहे. उकिडवें बसतां येतें काय, मांडी घालून पंगतीस बसतां येतें काय, जमिनीवरून हात न टेंकतां उठतां येतें काय, हें नाहीं. ज्या घरांत खुर्च्या कमी व पाट अधिक, त्या घरच्या माणसानें शंभरांतले ९६ गुण ऐकून थांबूं नये; हे तीन प्रश्न स्वतः विचारावेत.

आतां किंमत. रुपयांची नव्हे, शरीराची. २०१६ सालीं आंतली कंडरा कापलेल्या रोग्यांचीं मापें घेतलीं, तेव्हां त्या बाजूच्या स्नायूचें आकारमान शेंकडा २५ नें घटलेलें आढळलें, आणि बसल्या जागीं गुडघा उचलण्याची शक्ति शेंकडा १९ नें कमी भरली. नित्याच्या व्यवहारांत हें पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं. धांवणाऱ्याच्या, उडी मारणाऱ्याच्या, नर्तकाच्या लक्षांत येतें. ज्यांच्या मांडीचें हाड जन्मतःच पुढच्या अंगास अधिक पिळलेलें असतें, पंचवीस अंशांहून अधिक, त्यांस या क्रियेचें फळ कमी मिळतें असें २०१२ सालच्या एका अहवालांत दिसलें. अशा खुब्यांत ती कंडरा पुढून आधार देत असते. आधार काढला कीं सांधा सैल पडण्याचें भय. म्हणून ज्या मुलांचे सांधे मुळांतच फार लवचिक आहेत त्यांनीं तर विशेष सावध असावें. आंत सोडलेलें पाणी कंडरेच्या वाटेनें पोटांत चढण्याचाहि एक धोका आहे. तो विरळा. २०१२ सालीं अनेक शल्यवैद्यांनीं मिळून केलेल्या गणनेंत खुब्याच्या २५,६४८ दुर्बीण-शस्त्रक्रियांत असे ४० प्रसंग निघाले, म्हणजे सुमारें ६४० मध्यें एक. आणि कंडरा कापलेल्यांत तो अधिक. याखेरीज मांसांत नको तेथें हाड धरणें हाहि एक उपद्रव आहे. त्यासाठीं कांहीं आठवडे औषध देतात.

खटका गेला असें वाटून कधीं पुन्हां येतो, त्याचेंहि एक कारण सांगण्याजोगें आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत प्रेतांच्या ५३ खुब्यांतील ही कंडरा मोकळी करून पाहण्यांत आली. एकच कंडरा असलेले खुबे निघाले १५, दोन कंडरांचे ३४, आणि तीन कंडरांचे ४! पुस्तकांत चित्र असतें एका दोरीचें, आणि निम्म्याहून अधिक माणसांत दोऱ्या दोन. एक कापून दुसरी दिसलीच नाहीं तर खटका राहणारच.

ही सर्व बेरीज-वजाबाकी वाचून कोणी असें समजूं नये कीं आम्ही शस्त्रक्रियेच्या विरुद्ध आहों. दहा वर्षांपूर्वीं शाळा सोडून गेलेली आमची एक विद्यार्थिनी पुण्यास भरतनाट्यम् शिकविते. भरतनाट्यमांतील अरमंडी म्हणजे गुडघे वांकवून व बाहेर वळवून अर्धें बसणें. तेथून सरळ उभें राहतांना आंतल्या खटक्यास लागणारी हालचाल नेमकी घडते. तिची जांघ दोन वर्षें दुखत होती. नऊ महिने व्यायाम झाला, दोनदां सुई झाली. प्रत्येक सुईनें आराम पडला आणि तीन-चार आठवड्यांनीं दुखणें परत आलें. शेवटीं तिनें दुर्बिणीनें कंडरा कापून घेतली. आमच्या विचारण्यावरून तिनें सविस्तर लिहून कळविलें आहे. पहिले सहा आठवडे रिक्षांत बसतांना तिला आपली मांडी दोन्ही हातांनीं उचलून आंत ठेवावी लागे. चौथ्या महिन्यांत ती वर्गावर उभी राहिली, आठव्यांत नाचूं लागली. आज दीड वर्ष झालें. दुखणें नाहीं, आवाज नाहीं. पण उंच उचलावयाचा पाय दुसऱ्या पायाच्या बरोबरीनें वर जात नाहीं, आणि तो कधीं जाईल असें तिला वाटत नाहीं. "तरी पुन्हां वेळ आली तर हेंच करीन, सर," असें तिनें लिहिलें आहे. तिचा निर्णय योग्यच होता असें आम्ही समजतों.

नववीच्या मुलीची हकीकत अशी. वडिलांनीं तारीख रद्द केली नाहीं. त्या दिवशीं तिला घेऊन ते गेले, पण शस्त्रक्रियेसाठीं नव्हे, विचारण्यासाठीं. प्रश्न त्यांनीं आगारांतील एका जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून नेले होते: खटका बाहेरचा कीं आंतला? दुखणें त्याचेंच कशावरून? व्यायाम किती महिने? तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतले किती जण आतां खालीं बसतात? तेथील डॉक्टरांनीं मुलीस कुशीवर निजवून पाय पुढें-मागें केला, मग उंचवट्यावर बोटांनीं दाबून पुन्हां केला. दाबल्यावर खटका वाजला नाहीं. खटका बाहेरचा ठरला. सोनोग्राफींत पिशवीला थोडी सूज दिसली. त्यांनीं बारा आठवड्यांचा व्यायाम लिहून दिला आणि शस्त्रक्रियेचें नांव त्या कागदावर घातलें नाहीं.

हा लेख छापावयास देतांना नववा आठवडा चालू आहे. व्यायामाच्या तासाला ती भिंतीला टेकून तिचे ताण घेते. आतां दोघी मैत्रिणी तिच्याबरोबर घेतात. जिन्यावर दुखत नाहीं असें ती सांगते. आवाज येतो. संमेलनांतील नृत्यांत ती दुसऱ्या रांगेंत उभी होती, आणि तबला वाजत असल्यामुळें कोणास कांहीं ऐकूं आलें नाहीं.